एक जूनची माणसं

मैत्रिणींनो, तुमच्या घरात एक जूनला जन्मलेलं कुणी आहे का हो? सासरे, चुलते, थोरले दीर? असणारच. आमच्याकडे आमचे ‘हे’ आहेत, त्यांचे मोठे बंधू आहेत आणि त्यांच्या आत्याचे यजमानही त्याच दिवशीचे. एका घरात तीन तीन पुरुष एकाच तारखेला जन्मावेत असा योग काही पंचांगात नसतो. तो शाळामास्तरांच्या हातात असे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पहिलीत घालायला पोराला सहा वर्षं पुरी हवीत आणि आईबापांना तारीख ठाऊक नाही. मग मास्तर पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. कान हाताला लागला, की सहा वर्षं मागं मोजून एक जून लिहून मोकळे!

हे आठवायचं कारण म्हणजे आमची सूनबाई. ती चाकणच्या एका कारखान्यात ‘एच. आर.’मध्ये आहे. म्हणजे माणसांचं खातं. माझ्या वेळी त्याला पर्सोनेल म्हणायचे. त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर अशी सोय केली, की ज्याचा वाढदिवस असेल त्याला सकाळी आपोआप शुभेच्छा जायच्या आणि बेकरीवाल्याला अर्ध्या किलोच्या केकची ऑर्डरही आपोआपच जायची. मध्यंतरी एका एक जूनला सकाळी सात वाजता बेकरीवाल्याचा टेम्पो गेटवर उभा. आत सदतीस केक! सूनबाई इकडे चहाचा कप हातात घेऊन मटकन खाली बसली. “आई, एका दिवशी सदतीस? कॉम्प्युटर बिघडला वाटतं!”

मी इतकी हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. पण खरं सांगू? त्यातलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं.

त्याचं असं झालं. मी १९७९ साली पिंपरीकडच्या एका कारखान्यात टंकलेखिका म्हणून लागले आणि त्याच खात्यातून २०१५ साली निवृत्त झाले. कामगारांना ‘पर्सोनेल’ म्हणता येत नसे, ते ‘पर्सनल’ म्हणत. आणि नाव पर्सनल आहे म्हटल्यावर तिथं पर्सनलच कामं घेऊन यायचं, अशी त्यांची सरळ समजूत. पोराला स्थळ बघायचंय, भावानं बांध कोरलाय, बायको माहेरी जाऊन बसलीय. मी नवी होते, मला वाटायचं हे काय? मी पगारपत्रकं टाइप करायला आलेय, की गावचे तंटे मिटवायला? आमचे साहेब मात्र चष्मा कपाळावर चढवून सगळं ऐकून घेत. मग म्हणत, “बाई, ह्यांना चहा सांगा. कागद नंतर.”

साहेब तसे कडक. मस्टरवर दोन मिनिटं उशिरा सही झाली तरी भुवई वर जायची. पण त्यांच्या अंगात एक मिस्कील माणूस दडलेला होता आणि तो फक्त अर्जांवरच्या शेऱ्यांत बाहेर यायचा. एकदा मशीन शॉपमधल्या एकानं अर्ज दिला: ‘माझी म्हैस व्याली असल्याने मला दोन दिवसांची प्रसूती रजा मिळावी.’ आम्ही तिघी-चौघी पदर तोंडात कोंबून हसतोय. साहेबांनी अर्ज शांतपणे वाचला आणि खाली लिहिलं, ‘प्रसूती रजा म्हशीस मंजूर. अर्जदारास दोन दिवस किरकोळ रजा.’ तो अर्ज तसाच फाइलला लागला. आठवड्यानं आमच्या टेबलावर पितळी डबाभर खरवस आला, वेलदोडा घातलेला.

आणखी एक सांगते, म्हणजे माणूस लक्षात येईल. त्या वेळच्या फॅक्टरी कायद्यात असं होतं, की तीसपेक्षा जास्त बायका कामावर असल्या तर कारखान्यानं पाळणाघर ठेवायचं. आधी हा आकडा पन्नासचा होता, १९७६ साली तो तीसवर आणला. आणि आमच्याकडे बायका किती? बरोब्बर तीस! एक सोडून गेली तरच दुसरी यायची. कुणी उघड बोलत नसे, पण हे गणित सगळ्यांना पाठ. मग कॅन्टीनमधला एक मदतनीस अपघातात गेला आणि साहेबांनी त्याच्या बायकोला पॅकिंगमध्ये लावून घेतलं. एकतिसावी! वरून विचारणा झाली, तर साहेब म्हणाले, “मोजायला चुकलो. माझं गणित पहिल्यापासून कच्चं.” आता चूक झालीच, तर कायदा मोडता थोडाच येणार? सहा लोखंडी पाळणे आमच्याच फॅब्रिकेशन शॉपमध्ये तयार झाले आणि त्यांना रंग लागला तोही मशीनचा, राखी. सूनबाईचा नवरा, म्हणजे आमचा धाकटा, त्यातल्याच एका पाळण्यात झोपलेला आहे.

साहेबांच्या ह्या मुद्दाम केलेल्या चुकीचं मला फार कौतुक होतं. पण मी जी चूक केली ती मुद्दाम नव्हती आणि कौतुकाची तर मुळीच नव्हती.

१९८३ साली जुन्या नोंदवह्या रद्द करून प्रत्येकाचं इंग्रजी सर्व्हिस कार्ड करायचं ठरलं. शाळेचे दाखले मराठीत, आकडे मराठी, कार्ड इंग्रजीत. दिवसाला चाळीस-पन्नास कार्डं टाइप करत होते. घरी मोठा मुलगा तापानं फणफणलेला, मन थाऱ्यावर नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाही, नुसतं सांगते. आता मराठी एक आणि नऊ तुम्ही लिहून बघा. घाईत नवाच्या डोक्याचा वळसा नीट मिटला नाही, की त्याचा एक दिसतो. एका मास्तरांनी असाच एक नऊ काढला होता. दाखल्यावर होतं १९४९. मी टाइप केलं १९४१.

ह्याचा पत्ता मला सोळा वर्षांनी लागला.

१९९९ च्या जानेवारीत त्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांची यादी फलकावर लागली. आमच्याकडे तेव्हा वयाची मर्यादा ५८ होती. अर्थात यादीत एक जूनवालेच जास्त. दोन-तीन दिवसांनी फौंड्रीतला एक कामगार टेबलाशी येऊन उभा राहिला. पुरंदर तालुक्यातला माणूस. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, सरकारी सुकडी खाल्ली आणि त्र्याहत्तर साली आमच्या फौंड्रीत आला. केस तिशीतच पांढरे झालेले. तक्रार करायला नव्हता आला. हिशेब विचारायला आला होता. ग्रॅच्युइटी किती, फंड किती. मी वर्षाला पंधरा दिवसांचा पगार ह्या हिशेबानं सव्वीस वर्षांची ग्रॅच्युइटी काढून दाखवली. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पोरगी बारावीला हाय. नर्सिंगला घालायचं मनात व्हतं. पर आता पगारच थांबनार, तर लगीनच उरकून टाकतो.” आणि जाता जाता सहज म्हणून गेला, “म्हातारी म्हनती, तुझी आटावन्न कशी झाली रं? पर बाई, कागदात असंल तेच खरं.”

त्याचं ते वाक्य माझ्या मनातून जाईना. संध्याकाळी सगळे गेल्यावर जुनी फाइल काढली. दाखल्याला वाळवी लागलेली, अर्धा भाग खाल्लेला. पण तो आकडा शाबूत होता. मी भिंगाखाली धरला. वळसा होता. अर्धवट, पण होता.

मैत्रिणींनो, खोटं कशाला बोलू? ते कार्ड मी तीन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवलं. कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे झालेले सगळे कागद माझ्याच कार्डावरून उतरवलेले, त्यामुळे सगळीकडे एकच आकडा. त्याला इंग्रजी येत नव्हतं. आणि माझं सीनियर असिस्टंटचं प्रमोशन तोंडावर आलेलं. त्या तीन दिवसांत मी आमटीत दोनदा मीठ घातलं आणि एकदा दूध उतू घालवलं. शेवटी रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “गप्प बस. मेमो मिळेल. कोण बघायला जाणार आहे?”

“मी बघितलंय ना,” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या पुढे कार्ड, दाखला आणि भिंग ठेवलं. पाय कापत होते. साहेबांनी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला. “बाई,” म्हणाले, “अगस्तींनी समुद्र गिळला, तो तरी एका आचमनात. तुम्ही एका टिचकीत माणसाची आठ वर्षं गिळलीत?” मला रडू कोसळलं. त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला. त्या खात्यात चहा नेहमी दुसऱ्यांसाठी यायचा, त्या दिवशी माझ्यासाठी आला.

मी कामगारालाही सांगितलं. बोलावून, समोर उभं राहून, की चूक माझी आहे. तो ओरडेल, युनियनच्या भाऊंना घेऊन येईल, काय वाटेल ते करेल, अशी मनाची तयारी केली होती. त्यानं बोटं मोजली आणि त्याचा चेहरा हळूहळू फुलत गेला. “म्हंजे मी अजून पन्नाशीचा बी न्हाई? आन् घरात मला म्हातारा म्हनत्यात!”

पण नुसत्या भिंगानं भागणार नव्हतं. दाखला वाळवीनं खाल्लेला. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा हवा होता. मी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज दिला, कारण ‘वैयक्तिक’. अर्ज परत आला. शेरा: ‘रजा नामंजूर. म्हैस ऑफिसची आहे. कामावर समजावे.’ खाली एस. टी. च्या भाड्याची मंजुरी.

सासवडच्या स्टँडवरून पुढची गाडी धरून मी त्या गावी गेले. शाळेत हेडमास्तरांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून लाल कापडात बांधलेलं रजिस्टर काढलं. धुळीनं दोघेही शिंकून बेजार. त्याच मास्तरांचं अक्षर, तोच न मिटलेला नऊ. माझ्या पोटात गोळा आला. पण पुढच्या रकान्यात अक्षरी तारीख होती: ‘एक जून एकोणीसशे एकोणपन्नास.’ त्या दिवसापासून कुठलाही कागद भरताना अक्षरी रकाना मी कधी रिकामा सोडलेला नाही, आणि तुम्हीही सोडू नका. जाता जाता हेही सांगते, की यजमानांच्या फंडाच्या कागदावर वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते एकदा विचारून घ्या. लग्नाआधीच्या नोकरीत आईवडिलांचं लिहिलेलं असतं आणि ते बदलायचं राहून जातं. ह्या एका रकान्यापायी मी किती बायकांना ऑफिसच्या बाकावर रडताना पाहिलंय!

उतारा घेऊन निघाले, तर शाळेच्या दारात त्याची म्हातारी उभी. गावात बातमी पोहोचली होती. हाताला धरून घरी नेलं, गूळपाणी दिलं आणि विचारलं, “कशापायी एवढ्या लांब आलीस गं?” मी सांगितलं. ती खो खो हसली. “अगं, मला इचारायचं की! गांधीबाबा गेले त्याच्या दुसऱ्या साली झाला त्यो. आन् जेठात न्हाई काही, दिवाळी होऊन गेलती, जोंधळा पोटऱ्यात आल्ता. मी बाळंत झाले, मला ठावं नसंल तर मास्तरला असंल व्हय?”

आता काय बोलणार? जिनं जन्म दिला तिची साक्ष आमच्या कुठल्याच नियमात बसत नव्हती. निघताना तिनं माझ्या पिशवीत अंजिरं भरली. पुण्याला येईपर्यंत त्यातली निम्मी चेंगरली, पण पिशवीचा वास कितीतरी दिवस गेला नाही.

पुढची लढाई कागदावरची होती, आणि ती साहेबांनी लढली. मुंबईच्या मुख्य कचेरीतून पत्र आलं, की सेवेच्या अखेरीस जन्मतारखेत बदल करता येत नाही. त्या काळात स्वेच्छानिवृत्तीच्या योजना निघत होत्या, माणसं कमी करायला कंपनी पदरचे पैसे मोजत होती. एक माणूस आपणहून, फुकट कमी होतोय, तर होऊ द्या की, असं तिथल्या एकानं फोनवर सांगितलंही. साहेबांनी उत्तराचा मजकूर मला तोंडी सांगितला, मी टाइप केला. ‘जन्मतारखेत बदल करण्याची आमची विनंती नाही. ती ह्या कार्यालयाच्या चुकीने बदलली गेली होती, ती पूर्ववत जागेवर ठेवावयाची आहे.’ ‘ह्या कार्यालयाच्या’ म्हणाले. मी टंकयंत्रावर हात थांबवून वर पाहिलं. “लिहा,” म्हणाले, “एका कार्डावर सही तुमची असेल, बाई, पण तपासणाऱ्याच्या जागी सही माझी आहे. मीही सोळा वर्षांपूर्वी भिंग घेतलं नव्हतं.”

पत्रं चार वेळा गेली आणि आली. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मंजुरी आली, तेव्हा निरोपसमारंभाचे हार सांगून झाले होते. एक हार कमी करावा लागला. प्रमोशन मला त्या वर्षी मिळालं नाही. दोन वर्षांनी मिळालं. त्याचं तेव्हा वाईट वाटलं, अजूनही थोडं वाटतं.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. फौंड्रीत सगळ्यांना वाटत होतं, की चूक शाळेच्या मास्तरांची. कुणी विचारलं, की तो सांगे, “मास्तरानं दाखल्यावर चुकीचं लिवलं व्हतं, आपल्या पर्सनलच्या बाईंनी गावाला जाऊन दुरुस्त करून आणलं.” मी खरं काय ते त्याला सांगितलं होतं. तरी आठ वर्षांत त्यानं ते एकदाही कुणाला सांगितलं नाही.

मध्यंतरी आमच्या दारावरची पाटी बदलून ‘ह्यूमन रिसोर्स’ झाली. साहेब निवृत्त झाले. नवे साहेब आले, ते आम्हाला सकाळी गोल उभं करून टाळ्या वाजवायला लावत. त्यानं उत्साह वाढतो म्हणे. माझे गुडघे वाढले, म्हणजे दुखणं. पण त्याच साहेबांनी एकदा फौंड्रीतल्या उन्हाळ्यात स्वतः उभं राहून ताकाचे माठ बसवून घेतले, तेव्हा मी त्यांच्या टाळ्या माफ करून टाकल्या.

३१ मे २००७. त्याचा निरोपसमारंभ. धोतर-टोपीत आला होता, सोबत मुलगी. ती सरकारी दवाखान्यात नर्स झालेली, रात्रपाळी करून तशीच आली होती. त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. माईक उलटा धरला, मग सरळ केला, आणि म्हणाला, “पर्सनलच्या बाईंनी मला आठ वर्सं दिली.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दाराजवळ फुलांच्या परडीमागे उभी होते, तिथंच आणखी मागं सरले. दिली कुठली? घेतलेली परत केली होती, तीही तीन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवून. त्याची मुलगी माझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा मी तिला वरच्या वर धरलं आणि विचारलं, “आजी कशी आहे?” “आहे की,” म्हणाली, “अजून तारखा सांगती सगळ्यांच्या.”

हे सगळं मी सूनबाईला त्या केकच्या सकाळी सांगितलं, पोळ्या लाटता लाटता. ती काही बोलली नाही. डबा घेतला आणि गेली. रात्री उशिरा परतली ती हातात एक दोनशे पानी वही घेऊन. केक तिनं सगळ्या शॉपमध्ये वाटले, पहारेकऱ्यांना दिले, गेटवर माल घेऊन आलेल्या ट्रकवाल्यांनाही दिले. आणि दिवसभर शॉपमधून फिरून एक जूनवाल्यांना त्यांचा खरा दिवस विचारला. कॉम्प्युटरला ‘बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’ असं चालत नाही म्हणे, म्हणून वही. मी चष्मा लावून वाचायला बसले. ‘पालखी गावात मुक्कामाला होती त्या रात्री.’ ‘थोरल्या चुलत्याच्या हळदीला.’ ‘विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी.’ सदतीसपैकी अकरा जणांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या नावापुढे तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘आईला विचारून सांगतो.’ चौघांच्या पुढे तेही नव्हतं.

एक केक घरीही आला होता, ह्यांच्यासाठी. शेवटी तेही एक जूनचेच! ह्यांनी अर्धा अधिक संपवला आणि सूनबाईला म्हणाले, “माझं तुझ्या वहीत लिहून घे. गौरी जेवल्या त्या दिवशीचा मी, आई सांगायची. म्हणजे भाद्रपदात आणखी एक.”

“साखर किती आहे तुमची, ठाऊक आहे ना?” म्हटलं आणि केकचा डबा फडताळात ठेवून दिला.